पाळीव कुत्र्याचे नवे घर

दूरच्या गावी झालेली बदली किंवा घरातील दीर्घ आजारपण यांमुळे जिवापाड जपलेला कुत्रा दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याची वेळ काही कुटुंबांवर येते. अशा वेळी त्याला परक्या वस्तीत सोडून देणे हा मार्ग नव्हे. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न मिळवता येत नाही आणि तेथील कुत्री त्याला थारा देत नाहीत. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे, हा प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

नव्या घरातील सर्वांची संमती आहे का, कुत्रा दिवसभर साखळीला बांधला जाणार नाही ना, हे स्वतः जाऊन पाहावे. त्याचे दोष लपवू नयेत. मुलांवर गुरगुरणारा कुत्रा लहान मुलांच्या घरी दिला, तर मुलांना धोका संभवतो आणि कुत्राही पुन्हा बेघर होतो. रेबीजच्या लसीची नोंद व त्याचे नेहमीचे अंथरूण सोबत द्यावे. ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. ताटातूट टळत नसली, तरी त्याची आबाळ टाळणे आपल्या हाती असते.

शब्दार्थ : थारा – आश्रय, आबाळ – हेळसांड

पाठगत प्रश्न : कुत्र्याचे दोष नव्या मालकाला का सांगावेत?