कॅराकल : काळ्या कानांचा शिकारी

परिसर अभ्यासात मार्जार कुळातले प्राणी विचारले की मुलं वाघ, सिंह, बिबट्या, चित्ता ही नावं पटापट सांगतात. कॅराकलचं नाव मात्र क्वचितच येतं. हा प्राणी भारतातून जवळजवळ संपत आला आहे, म्हणूनच त्याची ओळख मुलांना करून द्यायला हवी. पालकांनीही हा पाठ घरी मुलांसोबत वाचावा.

नाव कसं पडलं?
तुर्की भाषेत 'करा' म्हणजे काळा आणि 'कुलाक' म्हणजे कान. त्यावरून कॅराकल हे नाव आलं. आपल्या देशात त्याला स्याहगोश म्हणतात. हा शब्द फारसी आहे आणि त्याचाही अर्थ 'काळा कान' असाच होतो. आपली 'शाई' याच 'स्याह'पासून आली. हिंदीतल्या 'खरगोश'मध्येही हाच 'गोश' आहे. खर म्हणजे गाढव, म्हणून खरगोश म्हणजे गाढवासारख्या कानांचा! वर्गात एवढं सांगितलं की नाव पक्कं लक्षात राहतं.

दिसतो कसा?
अंगाचा रंग विटकरी-तपकिरी, पोट पांढरट. अंगावर वाघासारखे पट्टे नाहीत की बिबट्यासारखे ठिपके नाहीत. वजन साधारण ८ ते १८ किलो. शेपूट आखूड. कानांची मागची बाजू काळी आणि टोकावर काळ्या केसांचे लांब तुरे. पुष्कळ लोक रानमांजर, म्हणजे बाऊल पाहून कॅराकल समजतात. बाऊलच्या कानांवरचे केस अगदी छोटे असतात आणि शेपटीच्या टोकाकडे काळी कडी असतात. कॅराकलच्या शेपटीवर कडी नसतात.

घरच्या मांजराची बाहुली उजेडात उभ्या रेघेसारखी होते, कॅराकलची मात्र गोलच राहते.

सवयी आणि शिकार
कॅराकल एकटा राहतो आणि बहुतेक रात्रीच फिरतो. उंदीर, ससे, पक्षी हे त्याचं मुख्य खाणं. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब आणि दणकट असल्यामुळे तो जागेवरून सुमारे ३ मीटर उंच उडी मारतो आणि उडता पक्षी पंजाने खाली पाडतो. शिकारीच्या मांसातूनच त्याला बरंचसं पाणी मिळतं, म्हणून कोरड्या भागातही त्याचं भागतं. मादी खडकांच्या कपारीत किंवा दुसऱ्या प्राण्याने सोडलेल्या बिळात पिल्लं घालते. एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं होतात.

याच कौशल्यामुळे राजेरजवाडे शिकारीसाठी कॅराकल पाळायचे. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक आणि पुढे बादशहा अकबर यांच्याकडे असे शिकवलेले कॅराकल होते.

राहतो कुठे?
आफ्रिका, अरबस्तान, इराण, मध्य आशिया आणि भारत असा त्याचा पसारा आहे. आफ्रिकेत तो अजून बऱ्यापैकी आढळतो. भारतात मात्र आता मुख्यतः राजस्थानातला रणथंबोरचा परिसर आणि गुजरातमधला कच्छ एवढ्याच भागांत तो दिसतो, तोही फार क्वचित.

त्याला दाट जंगल नको असतं. काटेरी झुडपं, गवत, खडकाळ टेकड्या, नदीकाठच्या घळी हे त्याचं घर. खरी अडचण इथेच आहे. अशी जमीन आपल्याला रिकामी वाटते. सरकारी नकाशांतही खुरट्या झुडपांच्या जमिनीची नोंद 'पडीक' म्हणून होते. पडीक म्हटलं की तिथे खाण, रस्ता, कारखाना काहीही चालतं. झाडं लावणंही कायम उपकारकच असतं असं नाही. उघड्या माळावर दाट झाडी उभी केली की ससे, तितर आणि त्यांच्यामागे येणारा शिकारी, सगळ्यांचीच जागा जाते. आपल्या महाराष्ट्रात माळढोकाचं दुखणंही असंच आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कॅराकल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. २०२१ मध्ये केंद्राने त्याला अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात घेतलं. पण घरच उरलं नाही तर नुसता कायदा काय करणार?

वर्गात करून घेण्यासाठी
१. बाऊल आणि कॅराकल यांची चित्रं काढून तीन फरक लिहा.
२. गावाजवळच्या माळावर दिसणारे पक्षी, प्राणी, किडे यांची यादी करा.
३. यादी झाल्यावर चर्चा करा : या जागेला 'पडीक' म्हणावं का? दुसरं कोणतं नाव शोभेल?

तिसऱ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना बोलू द्या. वृक्षारोपणाच्या दिवशी शिकवलेली 'झाड म्हणजेच निसर्ग' ही व्याख्या ती स्वतःच थोडी मोठी करतील.