आधी कागद, मग गेटवे

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, तू धास्तावली आहेस. तुमच्या राहुरीच्या ऑफिसात इंटरनेट टेलिफोनीचा गेटवे आलाय, बारा टेबलांवर बारा फोन बसलेत, आणि बाहेर जाणारा कुठला कॉल कुठून जाईल हे ठरवायचं काम तुझ्या अंगावर पडलंय. घाबरू नकोस. पण सेटिंगचं पान उघडण्याआधी एक कोरा कागद घे आणि दिवसभर नुसतं बघ, तुझ्याकडची माणसं नंबर कसे लावतात.

राहुरीचा एसटीडी कोड ०२४२६, म्हणून गावातला लँडलाईन नंबर सहा आकडी. नगरचा ०२४१, तिथे सात. पुण्याचा ०२०, तिथे आठ. कोडातलं शून्य सोडलं की बेरीज सगळीकडे दहाच. आता कृषी विद्यापीठात कुणाशी बोलायचं असलं की तुमचे जुने हेडक्लार्क कोड लावणार नाहीत, सरळ २४३ ने सुरू होणारे सहा आकडे दाबतील. बोटांना तीच सवय आहे. आणि तू जर गेटवेला सांगून ठेवलंस की दोनने सुरू होणारे तीन आकडे म्हणजे आतला फोन, तर तो २४३ वरच थांबेल आणि आतलं एक्स्टेन्शन शोधत बसेल. म्हणून दोनचे एक्स्टेन्शन देऊ नकोस.

आणि एकचे तर मुळीच देऊ नकोस. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एका मुलींच्या वसतिगृहात मी फोन बसवले, एक्स्टेन्शन दिले १०१ ते ११२. दिसायला किती सोपे! एका रात्री एका मुलीला धाप लागली. रेक्टरबाईंनी १०८ दाबला आणि कुलूप लावलेल्या कोठीतला फोन वाजत राहिला. त्यांनी तीनदा लावला. शेवटी एका मुलीच्या मोबाईलवरून रुग्णवाहिका बोलावली, ती आली, मुलगी वाचली. चूक पूर्णपणे माझी होती. कोठीत वाजणारी ती रिंग मला अजून आठवते. तू चारने सुरू कर, ४०१, ४०२. चारचं सहसा कुणाशी भांडण नसतं.

आता बाहेरचे रूट. बऱ्याच गेटवेंमध्ये यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम आधी जुळेल त्यावरून कॉल जातो. तुझ्या गेटवेचं तसंच आहे ना, ते आधी माहितीपुस्तिकेत बघून घे. सगळ्यात वर ११२, १०८, १००, १०१. हे चारही राहुरीच्याच लँडलाईनवरून जाऊ देत, पुण्याच्या एसआयपी ट्रंकवरून, म्हणजे कंपनीने इंटरनेटवरून दिलेल्या लाईनवरून, नकोत. ट्रंकचा नंबर पुण्याचा असला की समोरच्याला कॉल पुण्याहून आल्यासारखा दिसेल, आणि तशा वेळी पत्ता समजावत बसायला श्वास कुणाकडे असतो?

त्याखाली मोबाईल. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला शून्य लावावंच लागतं. लोक मात्र कधी शून्य लावून दाबतात, कधी नुसते दहा आकडे. दोन्ही चालायला हवेत. सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होणारे दहा आकडे आले की पुढे शून्य जोड, शून्यासकट अकरा आले तर तसेच जाऊ दे. ट्रंकवाल्या कंपनीला नंबर शून्यासकट हवा की ९१ लावून, हे त्यांना आधीच विचार. बरेच कॉल इथेच अडकतात. गावातला सहा आकडी नंबर लँडलाईनवरून तसाच जाईल. ट्रंकवरून पाठवायचा असेल तर पुढे ०२४२६ जोडायला विसरू नकोस. १८०० चे टोल फ्री नंबरही लँडलाईनवरच ठेव. शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ तुमच्याकडे रोज लागणार.

दोन शून्यांनी सुरू होणारा, म्हणजे परदेशी कॉल, बंद. साहेब म्हणाले तरी एकाच एक्स्टेन्शनला उघड, तोही पासवर्ड टाकल्यावर. एक्स्टेन्शनचे पासवर्ड ४०१ ला ४०१ असे ठेवलेस तर बाहेरचा कुणीतरी रात्रीत शिरतो, परदेशी कॉल करत सुटतो आणि बिल तुमच्या नावावर येतं. आणि हो, कुणी गोड बोलून आलं, की आमची सिमकार्डांची पेटी तुमच्याकडे ठेवा, वीज-इंटरनेटचं भाडं देतो, तर दारातूनच परत पाठव. परदेशातले कॉल अशा सिममधून लोकल करून फिरवणं हा गुन्हा आहे.

इंटरनेट गेलं तर कॉल लँडलाईनवर वळेल असा दुसरा रस्ता प्रत्येक रूटला दे. पण वीजच गेली तर गेटवेही बंद. म्हणून एक साधा, वायरचा फोन थेट लँडलाईनला जोडून दाराजवळ ठेव आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना तो दाखव.

शेवटी प्रत्येक नियम स्वतः नंबर लावून तपास. १०८ लागला की आधीच सांग, ताई, फोन तपासतेय, सगळं ठीक आहे, आणि लगेच ठेव.

पण त्याआधी हे सगळे नियम कागदावर लिही आणि त्याचा फोटो मला पाठव. मी रात्री नीट बघते. तोवर गेटवेला हात लावू नकोस.