‘सगे’ कोणाला म्हणायचं? आदिलाबादमध्ये शिकलेले संशोधनाचे धडे

माझ्या प्रश्नावलीत २२ प्रश्न होते. सगळे मराठीत, व्यवस्थित टाइप केलेले. प्रकल्पाचा विषय होता ‘सीमाभागातली मराठी आणि आदिवासी समाज’. नंदीग्राम एक्स्प्रेस किनवट सोडून आदिलाबादकडे निघाली तेव्हा मी निर्धास्त होते. भाषेची अडचण येणार नाही, इथं मराठी चालते, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मराठी खरंच चालली. माझी चूकही तिथंच झाली.

इंद्रवेल्लीच्या पुढच्या एका गावात मी एका गोंड आजोबांना सातवा प्रश्न विचारला, “तुमचे सगे कोण कोण?” मला रक्ताचे नातेवाईक हवे होते. आजोबांनी चार-पाच नावं सांगितली, मी लिहून घेतली. संध्याकाळी ज्या शिक्षकांच्या घरी उतरले होते त्यांनी कागद पाहिला आणि हसून म्हणाले, “ताई, हे तर त्यांचे सोयरे झाले. तुम्ही सगे विचारले, त्यांनी सगेच सांगितले.”

हा लेख त्या एका शब्दामुळे लिहितेय. वसाहतवाद, निर्वसाहतीकरण हे शब्द आपण वर्गात वापरतो ते इंग्रजी साहित्याच्या पेपरात, इंग्रजांबद्दल. आदिलाबादमध्ये मला ते मराठीत आणि माझ्याबद्दल विचारावे लागले.

एक शब्द, दोन समाज

आदिलाबादचे राजगोंड चार मोठ्या गटांत विभागलेले आहेत: येरवेन, सरवेन, सिवेन आणि नालवेन, म्हणजे अनुक्रमे सात, सहा, पाच आणि चार भावांचे वंशज. या प्रत्येक गटाला ‘सगा’ म्हणतात. एका सगातले सगळे एकमेकांचे भाऊबंद, त्यामुळे त्यांच्यात लग्न होत नाही. मुलगी द्यायची-आणायची ती दुसऱ्या सगात. म्हणून ज्यांच्याशी सोयरीक होऊ शकते, ते आपले ‘सगे’. आपल्या मराठीत सगा भाऊ म्हणजे सख्खा, एका आईबापाचा. म्हणजे शब्द कानाला तोच लागतो आणि अर्थ जवळजवळ उलटा निघतो.

मी दुभाषा घेतला असता आणि गोंडीत विचारलं असतं, तर हा घोळ लगेच लक्षात आला असता. परकी भाषा असली की आपण सावध असतो. ओळखीची असली की सावधपणा सुटतो. माझ्या प्रकल्पात हा तक्ता तसाच छापला गेला असता, तर त्या गावाची सगळी नाती मी कागदावर उलटी केली असती, आणि पुढच्या वर्षीच्या कुणीतरी ती संदर्भ म्हणून वापरली असती.

मराठी इथं कोण म्हणून आली?

आदिलाबाद हा तेलंगणाचा उत्तर टोकाचा भाग. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, वर्धा-प्राणहितेच्या पलीकडे चंद्रपूर. एके काळी या पट्ट्यात गोंड राजांची सत्ता होती. चांद्याचं गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी आपल्या राज्याला जोडलं. आपण शाळेत मराठी साम्राज्याचा विस्तार शिकतो, तेव्हा नकाशावर भगवा रंग पुढे सरकताना पाहतो. तो रंग ज्यांच्या अंगावरून सरकला, त्यांच्या बाजूनं तो नकाशा मी कधी पाहिला नव्हता.

पुढे आदिलाबाद निजामाच्या राज्यात होतं आणि निजामावर इंग्रजांचं वर्चस्व होतं. राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या, डोंगरउतारावरची फिरती शेती गुन्हा ठरली, रस्ते झाले तसे बाहेरून शेतकरी, व्यापारी, सावकार आले. गोंडांकडे पिढ्यानपिढ्यांची वहिवाट होती, पट्टा नव्हता. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याच्या नावावर जमीन, असा तो काळ होता. त्या पटवारी-सावकारांत तेलुगू बोलणारे होते तसे मराठी बोलणारेही होते. म्हणजे इथल्या म्हाताऱ्या माणसांनी मराठी शिकली ती कविता वाचायला नाही. बाजारात, चावडीवर आणि सावकाराच्या ओट्यावर तग धरायला शिकली.

पण गोष्ट एवढी सरळही नाही. गोंडांच्या कुळकथा, देवांच्या कथा परंपरेनं सांगतात ते परधान. किकरी नावाचं तंतुवाद्य वाजवत ते या कथा गोंडीत गातात. आणि आदिलाबादच्या बहुतेक परधानांची घरची भाषा आहे मराठी! गोंडी पुराणं ज्यांनी जपली त्यांच्या घरात चुलीपाशी मराठी बोलली जाते. ही मराठी आपल्या कुठल्याच वाङ्मयेतिहासात मला भेटली नाही.

त्यात १९५६ ची भाषावार प्रांतरचना. किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचे भाग मुंबई राज्यात गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात. मराठी आणि तेलुगू यांच्यात रेघ ओढली गेली. गोंडी आणि कोलामी बोलणारे रेघेच्या दोन्ही बाजूंना वाटले गेले. त्यांच्या भाषेसाठी कुणी रेघ ओढली नव्हती.

गोळीबारानंतर आलेला अभ्यासक

आदिलाबादच्या गोंडांवर लिहायचं तर एक नाव टाळता येत नाही: क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. व्हिएन्नाचा हा मानववंशशास्त्रज्ञ १९३९ मध्ये भारतात आला आणि महायुद्ध सुरू झालं. त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट असल्यामुळे इंग्रज सरकारच्या दृष्टीनं तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला हैदराबाद संस्थानातच राहावं लागलं.

१९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आज त्यांच्या नावाशी जोडली जाते. उठाव मोडल्यावर सरकारला प्रश्न पडला, हे लोक का उठले? ते शोधायला हायमेनडॉर्फला पाठवलं गेलं. मार्लवाई या गावी त्याने मुक्काम केला. १९४८ मध्ये आलेलं त्याचं राजगोंडांवरचं पुस्तक आजही पायाभूत मानलं जातं.

म्हणजे ज्या ज्ञानावर आपण आज संदर्भ देतो, त्याची सुरुवात एका गोळीबारातून झाली. सरकारला शांतता हवी होती म्हणून माहिती हवी होती. दुसरीकडे, त्याच हायमेनडॉर्फने जंगल आणि महसूल खात्यांच्या जाचाबद्दल सरकारला स्पष्ट अहवाल दिले, जमिनीचे पट्टे मिळवून देण्यासाठी धडपड केली. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा दरबार त्याच्याच पुढाकारानं १९४० च्या दशकात सुरू झाला, तो आजही पुष्य अमावास्येच्या जत्रेत भरतो. त्याची पत्नी बेट्टी आणि तो, दोघांच्या समाध्या मार्लवाईत आहेत. गावानं त्यांना आपलं मानलं. एखादा अभ्यासक सत्तेचा माणूस असतो आणि गावाचाही होऊ शकतो. ‘वाईट वसाहतवादी’ किंवा ‘थोर उपकारकर्ता’ अशी एकच चिठ्ठी त्याच्यावर चिकटवली की वाचनच थांबतं.

१९४३ मध्ये मार्लवाईत गोंड शिक्षक घडवायचं केंद्र निघालं. मुलांना सुरुवातीला गोंडीतच शिकवायचं ठरलं, आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीमुळे होती. मला याचा अभिमान वाटला, खरं सांगते. सावकाराच्या वहीतली लिपी पोराच्या पाटीवर आली होती. पुढे १९५६ नंतर शाळा तेलुगूकडे वळल्या आणि गोंडी मागे पडली.

मग मला गुंजाळाबद्दल कळलं. नारनूरजवळचं हे गाव मार्लवाईपासून फार लांब नाही. तिथल्या घरांत जुन्या पोथ्या होत्या, एका वेगळ्याच लिपीत लिहिलेल्या गोंडीच्या. २००६ च्या सुमारास हैदराबादच्या अभ्यासकांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं, तेव्हा ती लिपी वाचणारे मोजकेच वृद्ध उरले होते. २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ युनिकोडमध्ये आली, म्हणजे आता ती मोबाइलवरही लिहिता येईल. देवनागरी देऊन आपण गोंडीला अक्षरं दिली, असं मी माझ्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. ते वाक्य खोडलं.

तारीख कुणाची?

कोमरम भीम यांच्या मृत्यूच्या इंग्रजी तारखा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या दिलेल्या आढळतात. पण जोडेघाटला लोक त्यांचा स्मृतिदिन पाळतात तो आश्विन पौर्णिमेला. म्हणजे आपल्या कोजागिरीला. आपण गच्चीवर मसाला दूध उकळत असतो तेव्हा तिथं भीमांचं स्मरण चाललेलं असतं. दस्तऐवज एकमेकांशी भांडतात, तिथी मात्र ठाम आहे.

इंद्रवेल्लीचं उलट आहे. तिथली तारीख पक्की: २० एप्रिल १९८१. जमिनीच्या प्रश्नावर सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक सांगतात तो आकडा याच्या कितीतरी पट. हे राज्य निजामाचं नव्हतं, इंग्रजांचंही नव्हतं. स्मारकस्तंभापाशी मी उभी राहिले तेव्हा हातातल्या प्रश्नावलीतला ‘स्वातंत्र्यानंतर तुमच्या जीवनात काय बदल झाला?’ हा प्रश्न मला विचारता येईना.

आपल्या घरचा हिशेब

यावर जगात इतरत्र काय चाललंय ते वाचताना मी कॅनडाच्या उत्तरेला पोचले. इनुइट लोकांच्या राष्ट्रीय संघटनेनं २०१८ मध्ये संशोधनाबद्दल स्वतःचं धोरण जाहीर केलं. आमच्या भूमीवर काय शोधायचं, कुणी शोधायचं आणि माहिती कुणाच्या ताब्यात राहणार हे ठरवण्यात आमचा वाटा असेल, असा त्याचा गाभा. न्यूझीलंडच्या माओरी विदुषी लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी १९९९ च्या पुस्तकात हाच प्रश्न मांडला होता.

त्याच कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं, त्यांची भाषा बोलायला बंदी केली गेली. त्यातल्या अनेक शाळा माझ्या चर्चच्या संस्था चालवत होत्या. २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथं जाऊन क्षमा मागितली, दौऱ्याचा शेवट उत्तरेकडच्या इकालुइतमध्ये केला. कॅथलिक म्हणून हे वाचणं सोपं नव्हतं. मिशनच्या शाळांमुळे माझी आजी शिकली, आई शिकली, मी या कॉलेजात आहे. शाळा जीभ देते तशी कापतेही, हे दोन्ही खरं आहे.

आम्ही वसईचे. घरी सामवेदी बोलतो. शाळेत ‘शुद्ध बोल’ म्हणून मी किती वेळा ऐकलंय! तरी मराठी घेऊन गोंड गावात गेले तेव्हा मी नकळत त्याच बाईंच्या खुर्चीत जाऊन बसले. प्रायश्चित्त संस्काराआधी आपण आत्मपरीक्षण करतो. संशोधनाआधीही करावं, असं आता वाटतं.

न मिळालेली कथा

शेवटच्या दिवशी एका परधान काकांना मी कुळकथा सांगायची विनंती केली. मोबाइल समोर ठेवला होता. ते म्हणाले, “बाई, हे असं कधीबी सांगाचं नसते. पेर्सा पेनची पूजा असली म्हणजे सांगतो. तेव्हा ये.” पेर्सा पेन म्हणजे कुळाचा मोठा देव. त्याच्यासमोर, त्या कुळाच्या लोकांपुढे कथा गायची हा परधानाचा वंशपरंपरेचा मान आणि जबाबदारी आहे. माझ्या परतीच्या तिकिटाची तारीख त्यात बसत नव्हती.

प्रकल्पात कथेचा नमुना नाही. तोंडी परीक्षेत त्याबद्दल प्रश्न येईल हे माहीत होतं, आणि आला. मी त्या जागी चार पानं लिहिली: ही कथा केव्हा सांगतात, कुणी, कुणासमोर, आणि ती माझ्याकडे का नाही. गुण थोडे गेले. पण त्या चार पानांतली एकही ओळ मला पुढे खोडावी लागेल असं वाटत नाही.

आपल्यापैकी ज्यांना पुढच्या वर्षी गावात जाऊन काम करायचंय, त्यांनी निघण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. मी कुठल्या भाषेत विचारणार आहे, आणि ती भाषा त्या गावात आधी कोण म्हणून आली होती? माझे शब्द तिथं त्याच अर्थानं चालतात का? हे सांगण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि त्याची वेळ कोणती? ‘नाही’ म्हणायची मोकळीक मी ठेवली आहे का? आणि लिहून झाल्यावर ते गावाला वाचायला कोण नेऊन देणार?

शेवटच्या प्रश्नाचं काम मी सुरू केलंय. दुरुस्त केलेला नात्यांचा तक्ता त्या शिक्षकांना पाठवला. त्यांनी तो आजोबांना वाचून दाखवला. आजोबांनी आणखी दोन चुका काढल्या.