रेशमाचे शिवार

धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय भागात, कर्नाटकाच्या सीमेजवळ उमरगा हे गाव आहे. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथूनच जातो. गावाभोवती काळ्या जमिनीचे शिवार पसरलेले आहे. हिवाळ्यात त्यात ज्वारी निसवते, करडईची पिवळी-केशरी फुले उमलतात. फाल्गुनात पळस लाल होतो. ही शोभा थोड्या दिवसांची असते. पण सुईदोऱ्याच्या साहाय्याने ती भिंतीवर टिकवता येते.

मराठवाड्यात गोधडी शिवण्याची कला फार जुनी आहे. जीर्ण लुगड्या-धोतरांचे थर अंथरायचे, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि धावदोरा घालीत जायचे, ही तिची रीत. गोधडी ऊब देते. परंतु तिच्यातील रंगसंगती फारसे कोणी निरखून पाहत नाही आणि शिवणारीचे नावही मागे उरत नाही. त्याच रीतीने रेशमी तुकड्यांचा भिंतपट शिवला, म्हणजे ही कला सर्वांच्या दृष्टीस पडते.

यासाठी नवे कापड लागत नाही. जुन्या पेटीत इरकली लुगड्याचा लाल रेशमी पदर, चोळीच्या खणाचा उरलेला तुकडा किंवा पैठणीचा विरलेला काठ सापडतो. इरकली लुगडी इलकल येथील, खण गुळेदगुड्डचे आणि पैठणी गोदाकाठच्या पैठणची. पैठणीवर तर मोर, पोपट, कमळे व वेली विणकरांनी पूर्वीपासूनच आणल्या आहेत. एके काळी जरीची जुनी वस्त्रे आतील चांदीसाठी जाळली जात. त्यांच्यासह ही नक्षीही नाहीशी होई. तरीही कात्री लावण्याची घाई करू नये. एकदा कापलेला पदर पुन्हा अखंड होत नाही. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, धड वस्त्र तसेच ठेवावे आणि विरलेल्या वस्त्राचाच मजबूत भाग घ्यावा.

प्रथम शिवारात जाऊन नीट पाहावे व कागदावर साधे चित्र काढावे. रेशमाचे धागे लवकर सुटतात. म्हणून प्रत्येक तुकडा आकारापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा कापावा आणि त्याला मागून मलमलीचे अस्तर द्यावे. टाचणीचे भोक रेशमात राहून जाते. यास्तव टाचण्या दुमडल्या जाणाऱ्या कडेतच टोचाव्या. दूरचे आकाश आधी, जवळचे झाड शेवटी, या क्रमाने तुकडे बसवावे व कडा आत दुमडून बारीक तुरपाई करावी. धूपछाव रेशमात उभे व आडवे धागे निरनिराळ्या रंगांचे असतात. असा तुकडा उभा लावला तर एक छटा दिसते, आडवा लावला तर दुसरी. त्यामुळे एकाच हिरव्या कापडातून दोन शेते उभी राहतात. लाल पदराचा पळस होतो. काळ्या जमिनीवर घातलेला धावदोरा नांगराच्या तासांसारखा दिसतो.

पट पूर्ण झाल्यावर वरच्या बाजूस नेफा शिवून त्यात काठी घालावी. उन्हाने रेशमाचा रंग उडतो व धागा कमकुवत होतो; म्हणून पट ऊन न लागणाऱ्या भिंतीवर टांगावा.

एक काम मात्र विसरू नये. वस्त्र विणणारा, ते नेसणारी आणि तुकडे जोडणारी, या तिघांचे श्रम पटात एकत्र आलेले असतात. विणकराचे नाव बहुधा कळत नाही. पण वस्त्र कोणाचे होते आणि पट कोणी शिवला, हे वर्षासह मागील बाजूस दोऱ्याने लिहून ठेवावे. गोधडी शिवणाऱ्या कित्येकींची नावे राहून गेली. निदान यापुढे ती राहू नयेत.

अभ्यास

१. जुने वस्त्र कापण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी? का?
२. एकाच कापडातून दोन शेते कशी दाखवता येतात?
३. पटाच्या मागे नावे लिहिण्याचे कारण सांगा.
४. तुमच्या घरातील गोधडी पाहा. तिच्यातील तुकडे कोणाच्या वस्त्रांचे आहेत, हे विचारून आठ ओळी लिहा.