टेस्ट नापास, की टेस्ट झालीच नाही? – ‘लायब्ररी सापडत नाही’ हा एरर समजून घेऊ या



पायथन शिकणारी मुलं थोडी पुढे गेली की युनिट टेस्ट लिहू लागतात. युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रॅमच्या एका छोट्या भागाची वेगळी चाचणी. समजा, मुलाने टक्केवारी काढणारं फंक्शन लिहिलं. मग ‘५०० पैकी ४०० गुण दिले की उत्तर ८० आलं पाहिजे’ हे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम म्हणजे त्याची युनिट टेस्ट. यासाठी लागणारं ‘युनिटटेस्ट’ पायथनसोबतच येतं.

अडचण कुठे येते? घरी नीट चाललेली टेस्ट लॅबमध्ये चालत नाही. स्क्रीनवर एररच्या ओळी येतात, मूल म्हणतं, “माझा कोड चुकला,” आणि तपासणाराही गुण कापून मोकळा होतो. खरं तर कोड तपासलाच गेलेला नसतो.

आधी अक्षर बघा

युनिटटेस्टच्या निकालात तीन खुणा नेहमी दिसतात.

- टिंब : टेस्ट पास.
- एफ : टेस्ट चालली, पण उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं नाही.
- ई : तपासणी पूर्ण होण्याआधीच काहीतरी अडलं.

पेपर लिहून नापास होणं वेगळं आणि केंद्रावर प्रश्नपत्रिकाच न पोहोचणं वेगळं. लायब्ररी सापडली नाही तर ‘ई’ येतो. म्हणजे प्रश्नपत्रिका पोहोचलेली नाही. अशा वेळी टक्केवारीचं सूत्र बदलत बसण्यात अर्थ नाही.

मग एररची शेवटची ओळ वाचा

एरर लांबलचक असतो, पण कामाची गोष्ट त्याच्या शेवटच्या ओळीत असते : ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर : नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’. जे सापडत नाही त्याचं नावच तिथे दिलेलं असतं. मुलांना ही ओळ वहीत उतरवायला सांगा.

कारणं चार, क्रमाने तपासा

१. *लायब्ररी टाकलेलीच नाही.* घरच्या कॉम्प्युटरवर आहे, लॅबच्या नाही. ‘पिप’ वापरून टाकली की काम झालं.

२. *टाकली, पण दुसऱ्याच पायथनमध्ये.* हे कारण सर्वांत फसवं. “सर, आत्ताच टाकली, तरी सापडत नाही!” असं मूल म्हणतं आणि ते खोटं बोलत नसतं. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन पायथन असू शकतात आणि प्रत्येकाचं लायब्ररी ठेवायचं ठिकाण वेगळं असतं. आपल्या उल्हासनगरात दुकानाचं नाव बरोबर असूनही कॅम्प २ ऐवजी कॅम्प ४ मध्ये शोधलं तर दुकान सापडणार नाही, तसंच हे. उपाय सोपा : नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ आणि पुढे लायब्ररीचं नाव लिहायचं (कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांत). टेस्टही ‘पायथन -एम युनिटटेस्ट’ अशीच चालवायची. दोन्हीकडे तोच पायथन वापरला जातो.

३. *कोडमधलं नाव एक, टाकायचं नाव दुसरं.* कोडमध्ये ‘सीव्ही२’ लिहितो, पण टाकताना ‘ओपनसीव्ही-पायथन’. कोडमध्ये ‘पीआयएल’, टाकताना ‘पिलो’. कोडमध्ये ‘एसकेलर्न’, टाकताना ‘सायकिट-लर्न’.

४. *न सापडणारी फाईल आपलीच आहे.* एररमधलं नाव मुलाने स्वतः लिहिलेल्या फाईलचं असेल, तर पिपचा काही संबंध नाही. टेस्ट चुकीच्या फोल्डरमधून चालवली असण्याची शक्यता जास्त. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये जाऊन पुन्हा चालवा.

एक सावधगिरी

घाईत जे नाव सुचेल ते टाकू देऊ नका. सप्टेंबर २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या सुरक्षा संस्थेने पायथनच्या सार्वजनिक भांडारात खऱ्या लायब्ररींशी मिळतीजुळती नावं असलेली दहा बनावट पॅकेजेस शोधून काढली होती. एका अक्षराच्या चुकीने भलतंच काही कॉम्प्युटरवर येऊ शकतं. म्हणून स्पेलिंग दोनदा वाचायचं, मगच एंटर दाबायचं.

मोठ्यांचीही हीच अडचण

२२ मार्च २०१६ रोजी जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची छोटी लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली. तिचा कोड होता अवघा ११ ओळींचा! पण तिच्यावर अवलंबून असलेले जगभरचे प्रोजेक्ट अडले. त्या प्रोग्रॅमरांचा स्वतःचा कोड काल होता तसाच होता, फक्त लागणारी वस्तू जागेवर नव्हती. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. एरर आला म्हणजे आपण ‘ढ’ नाही, हे त्यांना पटतं.

वर्गात आणि घरी काय करावं?

- प्रोजेक्टसोबत लागणाऱ्या लायब्ररींची यादी मागा. ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये एका ओळीत एक नाव, पुढे आवृत्ती. लॅबमध्ये त्या यादीवरून सगळं एकदम टाकता येतं.
- ‘ई’ दिसला तर लगेच गुण कापू नका. लायब्ररी टाकून टेस्ट पुन्हा चालवा आणि मग गुण द्या.
- पालकांनो, या एररसाठी लॅपटॉप फॉरमॅट करायची गरज नसते. मुलाला एवढंच विचारा : “शेवटच्या ओळीत कशाचं नाव आहे?”

सराव : मुलांना मुद्दाम नसलेल्या लायब्ररीचं नाव कोडमध्ये लिहून टेस्ट चालवायला सांगा. मग ते काढून टक्केवारीचं सूत्र चुकीचं करायला सांगा. पहिल्यांदा ‘ई’, दुसऱ्यांदा ‘एफ’. दोन्ही निकाल वहीत शेजारी-शेजारी लिहून फरक स्वतःच्या शब्दांत मांडू द्या. हा फरक मुलाला सांगता आला, की पाठ पूर्ण झाला.