तोंड वाकडे होणे : धसका की आजार?

"डॉक्टर, हिने धसका घेतला, त्यानेच तोंड वाकडं झालं."

जून २०२० मध्ये दिघीच्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले, ते असे सांगतच. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळात त्यांची पोफळीची वाडी आडवी झाली होती, घराची कौले उडाली होती. बाईंना चार रात्री झोप नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळू लागले आणि डावा डोळा मिटेना. कोणी म्हणाले वारा लागला, कोणी म्हणाले नजर. तेलमालीश आणि अंगारा यांत नऊ दिवस गेले. माझ्याकडे आल्या तेव्हा तो उघडा डोळा लालभडक झाला होता.

या विकाराला बेल्स पाल्सी म्हणतात. आयुर्वेदात 'अर्दित' या नावाने अशा लक्षणांचे वर्णन आहे. चेहऱ्याच्या स्नायूंना हलवणारा मज्जातंतू कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून बाहेर येतो. तो सुजला की फुगायला जागा नसते, मग आतल्या आत आवळला जातो. सूज कशाने येते? ओठावर तापाचे फोड आणणारा हर्पिस विषाणू हा मुख्य संशयित आहे. तो एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे झोपून राहतो.

आता धसक्याविषयी. ओठावरचे फोड ताप, कडक ऊन, जागरण किंवा मनस्ताप यांनंतर उठतात, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. तसाच इथेही ताणामुळे विषाणू जागा होत असावा, हा तर्क वाजवी आहे. पण तो तर्कच. ताणानेच तोंड वाकडे होते असे सिद्ध झालेले नाही. शिवाय वादळाने साऱ्या गावाची झोप उडवली होती, तोंड मात्र एकट्या या बाईंचे वाकडे झाले! तपासणीत त्यांची साखर २६० निघाली. मधुमेह आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. मधुमेहींमध्ये आणि गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत हा विकार अधिक आढळतो. धसक्यावर सगळे ढकलून आपण मोकळे झालो असतो, तर ती साखर तशीच राहिली असती.

पापणी फडफडणे ही गोष्ट वेगळी. 'डोळा लवतोय' म्हणून आपण शकुन पाहतो. ते बहुधा जागरण, चिंता आणि फाजील चहा यांचे काम असते व विश्रांतीने थांबते. चेहऱ्याची एक बाजू वारंवार आखडत असेल, तर बऱ्याचदा एखादी रक्तवाहिनी मज्जातंतूवर टेकलेली असते. चारचौघांत, रागात ते आखडणे वाढते, पण मूळ राग नव्हे.

मारानेही हा मज्जातंतू दुखावतो. ललिता पवार यांना १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेमुळे चेहऱ्याचा पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला.

वाचकहो, अशा वेळी आधी रुग्णाला कपाळाला आठ्या घालायला सांगा. बेल्स पाल्सीत त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही. आठ्या दोन्हीकडे पडतात पण तोंड वाकडे आहे, हात लुळा आहे, बोबडे बोलणे आहे, तर तो मेंदूचा झटका समजावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. आपल्याला खाडी ओलांडायची किंवा घाट चढायचा, म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला घेत बसू नये. आठीबद्दल शंका असली तरी निघावेच.

बेल्स पाल्सीतही पहिले तीन दिवस मोलाचे. ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू केल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. मात्र त्या साखर वाढवतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. औषधाविनाही दहांपैकी सुमारे सात रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि त्याचे श्रेय मग अंगाऱ्याला मिळते. दिवसा डोळ्यात ओलावा देणारे थेंब घालावेत, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने मिटवावी. कानात फोड आले असतील तर दुखणे अधिक गंभीर, लगेच दाखवावे.

त्या बाईंचा डोळा वाचला. तोंड सरळ व्हायला चार महिने लागले. अजूनही जेवताना डावी पापणी किंचित मिटते. साखर मात्र आता दर तीन महिन्यांनी न चुकता तपासून घेतात.