विषारी वायू आणि खंदकातले सैनिक

आपल्या गावच्या विहिरीत पावसाळ्यात टी.सी.एल. पावडर टाकतात. तिचा उग्र वास नाकाला झोंबतो. तो वास क्लोरीनचा. थोड्याशा क्लोरीनने पाण्यातले रोगजंतू मरतात आणि आपण वाचतो. पण हाच क्लोरीन एकदा माणसं मारायला वापरला गेला. त्याची ही माहिती.

सन १९१४ ते १९१८ या काळात पहिले महायुद्ध झाले. दोन्हीकडचे सैनिक लांबच लांब खंदक खणून समोरासमोर बसले. कोणीच पुढे सरकेना. २२ एप्रिल १९१५ रोजी संध्याकाळी बेल्जियममधील ईप्र गावाजवळ वारा शत्रूकडे वाहू लागला. तेव्हा जर्मन सैन्याने ५,००० हून जास्त सिलिंडरची तोंडे उघडली. हिरवट-पिवळा ढग फ्रान्स व अल्जीरियाच्या सैनिकांवर गेला.

धूर वर जातो, मग हा वायू वर का गेला नाही? कारण क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. पाणी उताराला जाते तसा तो खंदकात उतरला. गोळीपासून वाचवणारा खड्डाच सापळा ठरला. हा वायू फुप्फुसातल्या ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होते. फुप्फुसे आतून भाजतात, त्यात पाणी भरते आणि माणूस गुदमरतो.

चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, आपल्या हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन तिथे लढली. चांगले मुखवटे तेव्हा नव्हते. जमादार मीर दस्त यांनी वायूत आणि गोळीबारात आपली माणसं सांभाळली. आठ अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास मदत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सुरुवातीला सैनिक सोड्यासारख्या द्रावणात भिजवलेल्या कापसाच्या घड्या नाकातोंडावर बांधत. मग डोकेभर टोपडे आले. पुढे १९१६ मध्ये कोळशाच्या डब्याचा मुखवटा आला. खास तयार केलेल्या कोळशाला असंख्य बारीक छिद्रे असतात. विषारी वायू त्यांत चिकटून राहतो आणि शुद्ध हवा नळीतून आत येते. घोड्यांनाही मुखवटे केले होते! पण १९१७ मध्ये मस्टर्ड वायू आला. त्याने कातडीवरच फोड येत. तिथे नुसता मुखवटा काय करणार?

त्या युद्धात विषारी वायूंनी सुमारे ९०,००० माणसे मेली. क्लोरीनच्या हल्ल्याची आखणी करणारे शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनीच हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत शोधली होती. आपल्या शेतातला युरिया त्याच रीतीमुळे मिळतो. विद्या एकच. ती कशाला वापरायची हे माणसाने ठरवायचे.

१९२५ मध्ये जिनिव्हा येथे असे वायू युद्धात वापरू नयेत असा करार झाला. १९९७ पासून ते बनवायला व साठवायलाही बंदी आहे. भारताने आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या आडात किंवा बंद पेवातही जड वायू साठतो. तिथे प्राणवायूच कमी असतो, म्हणून तोंडाला ओले फडके बांधून काही उपयोग नाही. आत कोणी पडले तर एकट्याने उतरू नका. ओरडून मोठ्या माणसांना बोलवा. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

सांगा पाहू :
१) क्लोरीन खंदकात का उतरला?
२) मुखवट्यात कोळसा कशासाठी?
३) जुन्या आडात एकट्याने का उतरू नये?

— इयत्ता सातवी